बाबांचा बार्शी लाइटवरचा ब्लॉग आणि सतरा ड्राफ्ट

ओसरी

नमस्कार मंडळी. इथे मी बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझे बाबा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. नॅरोगेजचं वर्कशॉप, म्हणजे आपली बार्शी लाइट, अडीच फुटी रूळ. २००५ ला रिटायर झाले, दोनतीन वर्षं भाजी आणणं आणि पेपर वाचणं ह्यात गेली, मग २००८ च्या दिवाळीत दादाने त्याचा जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला आणि बाबांना ब्लॉग उघडून दिला. तोवर बाबांनी आयुष्यात कधी टायपिंग केलेलं नव्हतं. एक्सपीवर मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत टिक करायला लागायची आणि मग ते विंडोजची सीडी मागायचं, ती सीडी कोणाकडून तरी आणायला दादा सोलापूरला गेलेला हे मला अजून आठवतं. मग बरहा हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर येतं हे बाबांनी एका पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून ठेवलेलं, ट ला कॅपिटल, ड ला कॅपिटल, आणि तो पुठ्ठा कीबोर्डच्या मागे भिंतीला टेकवलेला असायचा. एका बोटाने टायपायचे. एक लेख व्हायला आठवडा जायचा, कधी दोन.

असे आठ वर्षांत १४३ लेख लिहिले. लाइनचा इतिहास पुस्तकांत आहेच, कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती आखली, १८९७ ला बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत गेली, १९२७ ला मिरजेपर्यंत, १९५४ ला सरकारने घेतली. बाबा हे एखाद्या ओळीत उरकायचे आणि पुढे जे लिहायचे ते मी कुठेच दुसरीकडे वाचलेलं नाही. आषाढीच्या आधी महिनाभर वर्कशॉपमध्ये कोणाला रजा मिळायची नाही, डबे कसे रात्रीचे तपासायचे, हातोडीने चाकावर ठोका मारला की आवाजावरून तडा कसा ओळखायचा, खणखणीत आला तर बरं आणि बद्द आला तर चाक बाजूला. टपावर बसून पंढरपूरला निघालेली माणसं, आणि चढावर गाडी इतकी हळू व्हायची की पोरं खाली उतरून बाजूने पळत जाऊन परत चढायची.

बाबा गेले त्याला आता दोन वर्षं होत आली. ब्लॉग ज्या गूगल खात्यावर आहे त्यात दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं असा नियम डिसेंबर २०२३ पासून आलाय हे मी कुठेतरी वाचलं आणि छातीत धस्स झालं. पासवर्ड सापडला, त्यांच्या एलआयसीच्या डायरीत शेवटच्या पानावर, आईच्या गोळ्यांच्या यादीखाली. उघडून बघते तर जवळपास सगळ्या फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. फोटो त्यांनी एका फुकटच्या फोटो-साइटवर ठेवून तिथून लेखात लावलेले, तिथे कधीतरी नियम बदलले. आणि कमेंट नाहीत. मधे दादाने कमेंटची व्यवस्था बदलून दुसरी लावून दिलेली, ती सेवाच पुढे बंद पडली. बाबांचे लेख निम्मे कमेंटमध्ये होते हो. लातूरचा कोणी तरी यायचा आणि सांगायचा की काका तुम्ही लिहिलंय तो गार्ड म्हणजे माझे चुलते, त्यांचं नाव अमुक, आणि बाबा खाली त्याला उत्तर लिहायचे जे लेखापेक्षा मोठं असायचं.

आणि तिसरी गोष्ट, सतरा ड्राफ्ट सापडले. अर्धे-पूर्ण, न छापलेले.

तर विचारायचंय हे, की हे सगळं नीट वाचवायचं कसं, आणि ड्राफ्टचं मी काय करू. माझा आतेभाऊ म्हणाला, आता ब्लॉग वाचतं कोण, दोनचार चांगले लेख काढून फेसबुकवर टाक आणि सोड. त्या बोलण्याने रात्रभर झोप लागली नाही म्हणून हा धागा.


भटकंती_८२

ताई, आधी हे करा, बाकी वाचन नंतर. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये बॅकअपचा पर्याय आहे, त्यातून एक फाइल उतरते, त्यात सगळे लेख, ड्राफ्ट आणि ज्या कमेंट ब्लॉगच्या स्वतःच्या होत्या त्या येतात. फोटो येत नाहीत, फोटोंचे नुसते पत्ते येतात, हे लक्षात ठेवा कारण मी इथेच फसलो होतो. माझ्या सह्याद्रीतल्या ट्रेकचे दहा वर्षांचे वृत्तांत आहेत, मजकूर सगळा शाबूत आणि फोटो शून्य, आणि घाटवाटेचं वर्णन फोटोशिवाय म्हणजे "समोरच्या सोंडेवरून डावीकडे वळा" ह्याला काही अर्थच राहत नाही, कुठली सोंड.

फाइल तीन ठिकाणी ठेवा. एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक भावाकडे.

मग वेबॅक मशीनवर जा, नेटवरची जुनी पानं साठवून ठेवणारी साइट. इंटरनेट अर्काइव्हची १९९६ पासून साठवणूक चालू आहे आणि २००१ पासून ती सगळ्यांना बघता येते. ब्लॉगचा पत्ता टाकून बघा, जुन्या तारखेची पानं साठलेली असतील तर त्यात त्या वेळच्या कमेंटही असतील. सगळी नसतील पण काही तरी असतील. आणि आजचं प्रत्येक पान तिथल्या "सेव्ह" च्या चौकटीत एकेक करून टाका. १४३ लेख म्हणजे दोन रविवार जातील.

आतेभावाचं ऐकू नका.


चांदणवेल

ओसरी, वाचताना डोळ्यात पाणी आलं गं. पुठ्ठा डोळ्यासमोर दिसला.

मी न्यू जर्सीत आहे, १९९८ मध्ये आले. तेव्हा मायबोली ही मराठी साइट सुरू होऊन दोन वर्षं झालेली, १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली ती. मराठी रोमनमध्ये टायपायचो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत उघडून वाचायचं, कोणी तरी सांगलीच्या भडंगाचं लिहिलेलं असायचं आणि दुपारभर कामात लक्ष लागायचं नाही. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याने जिओसिटीजवर, म्हणजे वेबपानं बनवायच्या एका साइटवर, एक पान बनवलेलं, त्याच्या आजीच्या भोंडल्याच्या गाण्यांचं, आजीच्या वहीतून उतरवून घेतलेली चौदा गाणी. जिओसिटीज ऑक्टोबर २००९ ला बंद झालं. बंद होणार हे आधी जाहीर झालेलं होतं, आम्हाला कळलंही होतं, त्या वर्षी आमच्याकडे बाळ लहान होतं आणि राहून गेलं. वही पुण्याच्या घरी पावसाच्या पाण्यात भिजून गेलेली त्याआधीच. चौदापैकी मला आता नऊ येतात. उरलेल्या पाचाच्या पहिल्या ओळी येतात, पुढे काही नाही.

ऑर्कुट २०१४ ला गेलं, याहू ग्रुप्स २०२० ला. याहूवर आमच्या इथल्या मराठी बायकांचा ग्रुप होता, कुठल्या दुकानात नाचणी मिळते, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण करून देईल, पहिल्या थंडीत काय काय लागतं. आम्ही इथे येऊन कशा राहिलो हे पुढे कोणाला शोधायचं झालं तर ते त्यात होतं.

तू वाचव सगळं. दोन रविवारांपैकी एक माझा धर, अर्धे लेख मी सेव्ह करते. लिंक विपूत (विचारपूस) पाठव.


शब्दखूण

ह्यात एक गोष्ट कोणी बोलणार नाही म्हणून लिहितो. ओसरी, तुम्ही बाबांच्या ब्लॉगवर "वारकऱ्यांची" हा शब्द शोधून बघा. आणि काय येतं ते सांगा.


ओसरी

@शब्दखूण, शोधला. काहीच आलं नाही. पण त्यांचा "वारकऱ्यांची गाडी" नावाचा अख्खा लेख आहे! समोर दिसतोय आणि शोधात येत नाहीये. असं का?


शब्दखूण

कारण दोन्ही शब्द दिसायला एक आहेत आणि आतून वेगळे. मराठीतला हा जो अर्धा र आहे, पापणीसारखा आडवा, दुसऱ्या, वाऱ्या, कऱ्हाड ह्यातला, तो त्या काळात बऱ्याच टायपिंगच्या साधनांत र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य असा तयार व्हायचा. नंतरच्या कीबोर्डांत, आताच्या मोबाइलवर बहुतेक ठिकाणी, नुक्त्याचा ऱ वापरतात. तुम्ही आज फोनवर टाइप केला तो वारकऱ्यांची, बाबांनी लिहिलेला तो वारकर्‍यांची. डोळ्याला फरक नाही. मशीनला हे दोन वेगळे शब्द.

तसंच ॲ चं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. त्याआधी कोणी अ ला चंद्र जोडून लिहायचे, कोणी हिंदीतला ऍ वापरायचे. म्हणजे २००८ च्या आधीचं ज्याने ज्याने "ॲल्युमिनियम" लिहिलंय ते आजच्या शोधाला सापडेलच असं नाही.

आणि हे युनिकोडवाले तरी निदान वाचता येतात. त्याआधी प्रत्येक वर्तमानपत्राचा स्वतःचा फॉन्ट होता, साइटवर गेलं की आधी "फॉन्ट डाउनलोड करा". तो फॉन्ट आज नसेल तर पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांची रांगोळी दिसते. त्या काळचे अग्रलेख, सदरं, मृत्युलेख सगळे त्या रांगोळीत आहेत.

मी हे रोजच्या कामात बघतो म्हणून तळमळ आहे. लोक म्हणतात मराठीत नेटवर काही नाही. अहो आहे, खूप आहे, सापडत नाही. तुमच्या फाइलमधले जुने र्‍य मी बदलून देतो, एका प्रोग्रॅमचं काम आहे, पण मूळची प्रत तशीच ठेवा, बाबांनी जशी लिहिली तशी. बदललेली वेगळी.


ओसरी

शब्दखूणदादा, मला हे माहीतच नव्हतं. मी गेल्या वर्षी पण एकदा शोधलेलं, त्यांचं वारीवरचं काही सापडेना म्हणून वाटलेलं की त्यांनी काढून टाकलं असेल. नुसतं एका र मुळे.


रानजाई

अनुमोदन सगळ्यांना. मी थोडं बाजूचं लिहिते, पण आतेभाऊ जे म्हणाला ना, चार लेख काढून फेसबुकवर टाक, त्याच्याशी संबंध आहे.

मी २०११ मध्ये ब्लॉगवर आईवर एक लेख लिहिला. आई धुण्याला जायची नदीवर आणि परत येताना ओल्या लुगड्यात काय काय बांधून आणायची, आळू, उंबरं, एकदा कासवाचं पिल्लू. वीसपंचवीस लोकांनी वाचला, त्यातल्या सात जणांनी कमेंट लिहिली, मला ते पुरेसं होतं. २०१७ मध्ये माझ्या सासरच्या कायप्पा (व्हॉट्सॲप) ग्रुपवर तोच लेख आला. शीर्षक बदललेलं, नदीचं नाव काढून टाकलेलं, शेवटी चार ओळी कोणी तरी जोडलेल्या, आईला जपा वगैरे, आणि खाली एका मोठ्या डॉक्टरांचं नाव. नणंदेने लिहिलं, वहिनी वाच, किती छान लिहिलंय. मी म्हटलं हे माझं आहे. त्यावर ग्रुपवर शांतता. मग एक जण म्हणाले की असू दे, चांगला विचार पोचल्याशी मतलब.

मतलब नाही. नदीचं नाव काढलं तिथेच मतलब गेला. माझी आई एका नदीवर जायची, तिला नाव आहे, तिला कोयना म्हणतात.

२०१८ मध्ये व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या निरोपावर तसं लिहून यायला सुरुवात केली आणि एकावेळी पाच जणांनाच पाठवायची मर्यादा भारतात घातली, ते अफवांमुळे. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना मारलं होतं. मी त्याची आणि माझ्या लेखाची तुलना करत नाहीये, कृपा करून कोणी तसं समजू नका. एवढंच म्हणतेय की लिहिणाऱ्याचं नाव पुसून टाकायची सवय लागली की मग खरं कुणाचं, खोटं कुणाचं, कोणाला विचारायचं, हे सगळंच पुसलं जातं. ब्लॉगवर निदान वर नाव होतं, खाली पत्ता होता, चुकलं तर जाऊन भांडता यायचं.

म्हणून ओसरी, बाबांचं जिथे आहे तिथे, त्यांच्या नावाखाली, तारखेसकट राहू दे.


तिफण

मी इथे सगळ्यात लहान असेल बहुतेक, २४ चा आहे, यवतमाळचा. खरं सांगू का तर मी ब्लॉग वाचत नव्हतो. माझा सगळा वेळ इन्स्टावर. मी वऱ्हाडी शब्दांचे छोटे व्हिडिओ करतो, एक शब्द, दीड मिनिट, माझी आजी बोलते आणि मी विचारतो. लोकांना आवडतात. कमेंटमध्ये अमरावतीचा माणूस सांगतो आमच्याकडे ह्याला असं म्हणतात, वाशिमची ताई म्हणते आमच्याकडे तसं.

ओसरीताईंचं वाचून मी काल बसलो आणि माझा स्वतःचाच मागच्या वर्षीचा एक व्हिडिओ शोधायला घेतला, "इरजिक" वरचा, म्हणजे गावाने मिळून एकमेकांच्या शेतात काम करायचं ते. पाऊण तास गेला खाली खाली सरकवत. शब्द टाकून शोधलं तर दुसऱ्यांचेच येतात. आणि सापडला तेव्हा त्याच्याखालच्या दोनतीनशे कमेंट वाचल्या, त्यात एका काकांनी लिहिलेलं की त्यांच्या गावात इरजिकीला जेवणात काय असायचं, बैल कोणाचे आधी जुंपायचे, पूर्ण बारा ओळी. मी त्याला तेव्हा नुसता बदाम दिला होता. वाचलंच नव्हतं.

आजी ८३ ची आहे. मी आजपासून प्रत्येक शब्द लिहून ठेवतोय, वही केलीय, आणि त्या काकांना मेसेज टाकला. अजून उत्तर नाही.

एक विचारू का, ब्लॉग आता उघडला तर चालतो का, म्हणजे लोक येतात का?


भटकंती_८२

येतात. फेसबुकसारखे धबाधबा नाही येत. माझ्या हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरच्या लेखावर अजून दर पावसाळा संपला की माणसं येतात, पाण्याचं विचारतात, कोणी सांगतं दुसऱ्या टप्प्यावर दगड सुटलेत जपून. अकरा वर्षांपूर्वीचा लेख आहे. अकरा वर्षांपूर्वीचं माझं फेसबुकवरचं मलासुद्धा दिसत नाही.

आधी एक सोय होती, गूगल रीडर. आवडते ब्लॉग त्यात टाकून ठेवायचे आणि सकाळी उघडलं की कोणी नवीन लिहिलंय ते एका ठिकाणी दिसायचं. १ जुलै २०१३ ला बंद केलं. माझ्या मते मराठी ब्लॉगांचं खरं नुकसान त्या दिवशी झालं, लिहिणारे होते, वाचणारे पण होते, मधला रस्ता उखडला. तसं काम करणारी दुसरी साधनं आहेत अजून, फीड वाचणारी, पण सवय मोडली ती मोडलीच. तू उघड. मी पहिला येतो.


देवराई

थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका.

सगळं राखायलाच हवं का? मी स्वतः सहा वर्षं लिहिलेला ब्लॉग २०१५ मध्ये काढून टाकला, विचार करून, एका दुपारी बसून. त्यात मी माझ्या घटस्फोटाच्या काळात जे लिहिलेलं ते तेव्हा मला तारून गेलं, अनोळखी बायकांनी रात्री दोन दोन वाजता उत्तरं लिहिली त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझा मुलगा वाचता यायच्या वयाचा झाला आणि मला नको होतं त्याने ते वाचावं. तो निर्णय माझा होता. उद्या मी गेल्यावर कोणी वेबॅक मशीनवरून ते उकरून प्रेमाने पुन्हा छापलं तर ते मला चालणार नाही.

म्हणून ड्राफ्टचं मला टोचतंय. बाबांना छापता येत होतं. बटण तिथेच होतं. त्यांनी ते दाबलं नाही, सतरा वेळा दाबलं नाही. त्याला काही कारण असेल.


चांदणवेल

देवराई, तुझं पटतंय आणि तरी पूर्ण पटत नाहीये. एका बोटाने टायपणाऱ्या माणसाचे ड्राफ्ट राहिले ते बहुधा दमल्यामुळे राहिले असतील. डोळे, मान, ते वय.


शब्दखूण

ड्राफ्ट कधी सुरू केला आणि त्याला शेवटचा हात कधी लागला त्या तारखा फाइलमध्ये असतात. ज्यावर दोनतीन वर्षं परत परत काम केलेलं दिसतं ते अपुरे राहिलेले. एकदाच लिहून पुन्हा उघडलेच नाहीत ते वेगळे. बघा त्यावरून काही कळतं का.


पायवाट

कायद्याचं थोडं, कारण विचारलं नसलं तरी पुढेमागे लागेल. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहिल्याबरोबर हक्क तयार होतो, नोंदणी लागत नाही, ब्लॉगवरचं लिखाणही त्यात येतं. लेखकाच्या हयातीत आणि तो गेल्यानंतर ६० वर्षं. बाबांनी मृत्युपत्रात दुसरं काही लिहिलं नसेल तर तो हक्क आता तुमच्याकडे, आईकडे आणि दादाकडे आहे, म्हणजे ड्राफ्ट छापायचे का हा निर्णय तिघांनी मिळून घ्यायचा. एकट्याने नको.

रानजाई, तुमच्यासाठी कलम ५७. लिखाण आपलं आहे हे सांगायचा हक्क आणि त्यात कोणी अब्रूला बाधेल अशी मोडतोड केली तर आक्षेप घ्यायचा हक्क, हा लेखकाचा स्वतःचा असतो, कॉपीराइट दुसऱ्याला विकला तरी उरतो. "असू दे" म्हणणाऱ्यांना दाखवा.

आणि सगळ्यांनाच सांगतो, गूगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची व्यवस्था असते, इतके महिने मी आलो नाही तर अमुक माणसांना कळवा, त्यांना माझं हे हे उतरवून घेऊ द्या, असं आधीच सांगून ठेवता येतं, दहा जणांपर्यंत. मी काल बायकोचं नाव घातलं. घालताना हात जड झाला, पण घातलं.


रानजाई

पायवाट, धन्यवाद. कलम ५७ वहीत लिहून ठेवलं.


ओसरी

मंडळी, आठ दिवसांनी येतेय. चांदणवेलताईंनी तिकडून आणि मी इकडून असे मिळून १४३ च्या १४३ लेख साठवून झाले. वेबॅकवर बाबांच्या ब्लॉगची जुनी नऊ पानं सापडली, २०१० ते २०१३ मधली, आणि त्यातल्या पाचांवर कमेंट आहेत. एकूण ६४. मी आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. एका ठिकाणी कोणी तरी बाबांना विचारलंय की काका, तुमच्या वेळी इंजिनाच्या शिट्टीवरून ड्रायव्हर ओळखता यायचा म्हणता ते खरं का, आणि बाबांनी उत्तर दिलंय, "माझ्या बायकोला विचारा. तिला वर्कशॉपच्या भोंग्यावरून मी घरी किती वाजता येणार ते कळायचं." आई उठून आत गेली, थोड्या वेळाने चहा घेऊन आली, काही बोलली नाही, म्हणाली पुढचं वाच.

त्या काळी ब्लॉगच्या कडेला एक छोटी खिडकी असायची, आत्ता कुठल्या गावाहून कोण वाचतंय ते दाखवणारी. बाबा लेख टाकला की तासभर तिच्यासमोर बसायचे आणि मला हाक मारायचे, लातूर आलं, हे बघ डोंबिवली, हे बघ डॅलस. साठवलेल्या पानावर त्या खिडकीची नुसती रिकामी चौकट राहिलीय.

ड्राफ्टचं. शब्दखूणदादांनी सांगितल्याप्रमाणे तारखा बघितल्या. चौदा असे आहेत की ज्यांच्यावर बाबा परत परत येत होते, एकावर तर चार वर्षं, रूळ बदलायला लागले त्याबद्दलचा आहे, आधी पंढरपूरचा फाटा, मग २००८ पर्यंत लातूरकडचा, मग मिरजेचा. प्रत्येक वेळी एखादी ओळ वाढलीय. ते अपुरेच राहिलेले. आई, दादा आणि मी बसलो, आणि ठरवलं की हे चौदा आहेत तसे, अपुरे, "ड्राफ्ट" असं वर स्पष्ट लिहून लावायचे. बाबांच्या वाक्याला आम्ही वाक्य जोडणार नाही.

दोन ड्राफ्टमध्ये फक्त शीर्षक आहे. एक "भोंगा", एक "सायकल स्टँड". ते तसेच.

आणि सतरावा एकदाच लिहिलेला आहे, २०१४ च्या मार्चमध्ये, पहाटे पावणेचारला. पुन्हा उघडलेला नाही. देवराई, तुमचं बरोबर होतं. मी पहिला परिच्छेद वाचला आणि थांबले. तो आम्ही लावणार नाही. आईने विचारलं नाही त्यात काय आहे, मी सांगितलं नाही.


देवराई

ओसरी, _/\_


तिफण

ताई, काकांचं उत्तर आलं! इरजिकवाल्या. ते म्हणाले फोन कर, टायपायला डोळ्याचा त्रास होतो. तासभर बोललो. ब्लॉग उघडला काल, पहिला लेख त्यांच्यावरच.


भटकंती_८२

वाचला. फीडमध्ये टाकला. लिहीत राहा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).


ओसरी

अजून एक काम आहे तुम्हा सगळ्यांकडे. दादाला माळ्यावर एक सीडी सापडली, २००९ ची, बाबांनी फोटो स्टुडिओत जाऊन जुने कागदी फोटो स्कॅन करून घेतलेले त्याची. सीडीवर ओरखडे आहेत, ११२ पैकी ४१ फोटो उघडले. त्यातले २६ कुठल्या लेखातले ते कळलं, राखाडी चौकोनांच्या खाली बाबांनी ओळी लिहिलेल्या आहेत त्यावरून. बाकीच्यांचं जुळत नाहीये.

त्यातला एक इथे लावतेय. नॅरोगेजचे तीन डबे दिसतायत, दारात पटका बांधलेला एक माणूस, हातात पितळी तांब्या, तो भरून घ्यायला वाकलाय. मागे दगडी इमारतीची भिंत, आणि अगदी उजव्या कडेला स्टेशनच्या पाटीचं टोक आलंय, त्यावर फक्त शेवटचं अक्षर आहे, "ब". फोटोच्या मागच्या बाजूला काही लिहिलेलं असणार पण स्कॅन पुढच्याच बाजूचं आहे. बाबा पंढरपूर फाट्यावर जास्त असायचे. कोणाला ओळखू येतंय का हे कुठलं?


चिंचेचा_पार

इथे नवीन आहे, ह्या फोटोसाठी आत्ताच खातं उघडलं.

मोडनिंब आहे हे. माझं आजोळ. फोटो थोडा मोठा करून टाकता येईल का, आईला दाखवायचाय, तांब्यावाल्या माणसाकडे बघून ती काही तरी म्हणतेय.